इतके डाग आले कुठून

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे षडांग. दोन्ही गुडघ्यांनी या महिन्यात अंग काढून घेतलंय, राहिलेली दोन अंगं भेटीत टेकवीन.) इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या गुडघ्यांचं काय? मलम लावतेस, की शेजारणीला दाखवण्यापुरतं कपाटावर ठेवलंयस? न्हाणीघरात जाड पायपुसणं टाक असं मी चार पत्रांत लिहिलं, त्यावर तू चारही वेळा हवापाण्याबद्दल लिहिलंस. गेल्या वर्षी तिथेच घसरून दीड तास फरशीवर बसून राहिलीस, आणि मला ते बारा दिवसांनी, पत्राच्या चौथ्या पानावर, 'तसं विशेष काही नाही' या सदरात कळवलंस. पुन्हा तसं केलंस तर मी तुझा भाऊ नाही. (आहेच, पण बोलणार नाही.) फोन करावा तर तू 'सगळं बरं ना, मग ठेव' एवढंच म्हणून ठेवतेस. म्हणून हा कागद.

तुझं पत्र परवा मिळालं. तुझी पत्रं एरवीही मुद्देसूद असतात, पण हे म्हणजे चौकशी समितीचा अहवालच. 'दोन महिन्यांत तू मला विचारलेले डाग' असं वर लिहून तू खाली ओळीने मांडलंयस: भिजवलेलं पीठ, लोणी, यंत्राचं काळं तेल, खिशातून आतल्या बाजूने फुटलेली निळी शाई, आणि चहा, तोही एकाच टॉवेलवर तीनदा. पुढे विचारतेस की एका निवृत्त माणसाच्या अंगावर दोन महिन्यांत इतके डाग आले कुठून, तू कुठे गुपचूप कामाला लागलायस का, तुझी बायको काही म्हणत नाही का, आणि चहा प्यायला तुमच्याकडे कप आहेत की नाहीत. ताई, तू छत्तीस वर्षं धुलाईच्या दुकानात डाग काढायच्या टेबलावर उभी राहिलीस, तुझ्यापासून डाग लपवणं शक्य नाही हे मला कळायला हवं होतं. तेव्हा आधी कबुली देतो. ते डाग माझे नाहीत, एकही नाही. (लोण्याचा अर्धा माझा.) कुणाचे ते सांगण्यासाठी मला थोडं मागून सुरुवात करावी लागेल, तेव्हा चष्मा लाव आणि गॅसवर काही ठेवलं असशील तर आधी बंद कर.

हिच्या बदलीमुळे आम्ही इकडे यायला निघालो त्या दिवशी मी तुला 'चल आमच्याबरोबर' म्हटलं होतं, आठवतं? तू पिशवीचे बंद बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणालीस की तिथे आपली म्हणावीत अशी चार माणसं जोड, मग कळव. तुम्ही दोघंच असाल तर मी तिथे येऊन भिंतींशी बोलू काय, भिंती मला इथेही आहेत. मी तेव्हा मान डोलावली. मनात म्हटलं, चार माणसं म्हणजे काय, डेपोत मी रोज एकशे चाळीस माणसांना कामाला लावत होतो. ताई, एकशे चाळीस माणसांना कामाला लावणं आणि चार माणसं जोडणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी समजलं.

हिचं तसं नाही. हिची बदली झाली, ही रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत गेली, आणि तिसऱ्या दिवशी हिला अकरा मैत्रिणी. ही माणसांच्या बोटाला सुई टोचते आणि तरी ती हिला घरी बोलावतात. मी मात्र दिवसभर खिडकीत. (समोरच्या थांब्यावरच्या बसगाड्यांच्या वेळा मी आठवडाभर टिपल्या. त्यांच्या डेपोत ड्युटी लावणारा जो कोणी आहे तो सज्जन असेल, पण त्याला दोन गाड्यांमधलं अंतर ठेवता येत नाही.) शेवटी ही वैतागली, म्हणाली बाहेर पडा, माणसांत जा. म्हणून मी वाचनालयात नाव घातलं. छान जागा, मऊ खुर्च्या, तीस-चाळीस माणसं रोज बसलेली. अठरा दिवस गेलो तेव्हा लक्षात आलं की भिंतीवर मोठ्या अक्षरांत बोलायला मनाई लिहिलंय. माणसं जोडायला मी शोधून शोधून निवडलेली जागा ती! मग बागेतल्या सकाळच्या फिरणाऱ्यांच्या घोळक्यात शिरायचं ठरवलं. ते इतके भरभर चालतात की माझी त्यांची गाठ फक्त फाटकाशी पडायची, म्हणजे त्यांच्या निरोपाच्या वेळी. रोज नऊ जण मला 'येतो' म्हणायचे, एकही 'या' म्हणायचा नाही.

त्यातच एकदा मी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आलो आणि मागे दार धाडकन लागलं. ही कामावर. माझ्या अंगात गंजीफ्रॉक आणि एका पायात सपात. (दुसरी दारात अडकून आत राहिली.) भिंतीवर कुलूपवाल्याचा नंबर चिकटवलेला होता, खालच्या दुकानातून फोन केला, आणि दोन मिनिटांत एक पन्नाशीची बाई हातात हत्यारांची पेटी घेऊन आमच्याच जिन्याने वरून उतरत आली. ही कुलूपवाली. आमच्या डोक्यावरच्याच मजल्यावर राहते, दोन समुद्र ओलांडून आलेली, आणि मला तीन महिने ठाऊकच नाही. दार उघडायला तिला एक मिनिटही लागलं नाही. मग तिने मला डोक्यापासून एका सपातेपर्यंत पाहिलं आणि विचारलं, दुसरी किल्ली कुणाकडे ठेवलीय? मी म्हटलं, कुणाकडेच नाही. म्हणाली, कुणाकडे तरी ठेवा, माणसं तशीच करतात. आणि गेली. मी दुसरी किल्ली हातात घेऊन कितीतरी वेळ विचार करत बसलो, आणि शेवटी ती परत खिळ्याला अडकवली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या इमारतीत तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली आहे. छताशी एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. तीन यंत्रं, त्यातलं एक कायमचं आजारी. भिंतीला लागून लाकडी बाक. बिऱ्हाडं अठरा, आणि त्यातली चौदा माझ्यासारखी कुठून कुठून आलेली. चौदा घरांच्या चौदा तऱ्हा, आणि इथली भाषा सगळ्यांची सारखीच मोडकी. (माझी जरा जास्त. पण तिथे कुणी चुका काढत नाही, कारण चूक ओळखणारंच कुणी नाही.) मी कपडे घेऊन खाली गेलो तर ही गर्दी! मंगळवारी आणि शनिवारी, संध्याकाळी पाच ते आठ, सगळी इमारत तळघरात. यंत्रं दोन, माणसं वीस, टोपल्या रांगेत, आणि बुधवारी सकाळी बघावं तर यंत्रं रिकामी आणि खोलीत चिटपाखरू नाही. ताई, मी एकतीस वर्षं डेपोत ड्युटीचे तक्ते केले. रिकामी उभी गाडी बघून मला राहवत नाही, तसंच तिथे झालं. जित्याची खोड!

मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी वही घेऊन तीन दिवस त्या बाकाच्या टोकाशी बसलो आणि टिपत राहिलो. धुण्याची एक फेरी बेचाळीस मिनिटं, वाळवण्याची पन्नास. कोण किती टोपल्या आणतं, कोण विनाकारण रेंगाळतं. (माझ्या वहीत 'विनाकारण रेंगाळणे' असा वेगळा रकाना होता.) तळमजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात, आयुष्यभर डोंगरापलीकडच्या गावांत सुईणपण केलेल्या, सगळे त्यांना आजी म्हणतात. त्या आठवड्यातून दोनदा खाली यायच्या आणि दोन्ही वेळा फक्त एक टॉवेल आणायच्या. एक टॉवेल! आख्खं यंत्र, बेचाळीस मिनिटं! मी त्यांच्या नावापुढे 'निव्वळ नासाडी' असं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

मग तक्ता. तीन रंगांच्या शाया, लाकडी पट्टी, जाड कागद. अठरा बिऱ्हाडं, प्रत्येकाला स्वतंत्र वेळ, दोघांची कुठेही टक्कर नाही, मध्ये पाच मिनिटं यंत्र थंड व्हायला. आजींना पंधरा दिवसांतून एक फेरी, एका टॉवेलाला तेवढी बास. डेपोत असतो तर वरच्या साहेबांनी पाठ थोपटली असती. खाली 'वेळेच्या पाच मिनिटे आधी यावे' असं लिहून चार टाचण्यांनी दारावर लावला आणि वर येऊन हिला सांगितलं की आता बघ, सगळी इमारत आभार मानायला येते की नाही. ही म्हणाली, कुणी मागितला होता? मी म्हटलं, चांगल्या कामाला मागणी लागत नाही. ताई, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मी दोन्ही हात दाखवले होते.

कुणी आलं नाही. पण मंडळींनी तक्ता पाळला, काटेकोर पाळला. त्यावर सही नव्हती, म्हणून सगळ्यांना वाटलं की घरमालकाचा हुकूम आहे, आणि परक्या गावात आलेला माणूस छापील दिसणाऱ्या कागदाला फार भितो. तळघर शांत झालं. रांग नाही, गोंधळ नाही, यंत्र एक मिनिट रिकामं नाही. माझी वेळ गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांची. मी जायचो, कपडे टाकायचो, आणि बेचाळीस मिनिटं बाकावर एकटाच बसून काचेतून आपला गंजीफ्रॉक गरगर फिरताना बघायचो. वर खिडकीतून बूट जायचे. जिन्यात कुणी भेटलंच तर ते आपल्या वेळेसाठी धावत असायचं. त्याच दिवसांत मी तुला लिहिलं होतं ना, की इथली माणसं थंड आहेत, कुणी कुणाशी बोलत नाही? लिहिलं होतं. आणि ती थंड मीच करून ठेवली होती.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी समोरच्या दारातला ड्रायव्हर आला. शहराची बस चालवतो. माझा तक्ता दारावरून काढून हातात धरलेला. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, तुम्ही पूर्वी डेपोत ड्युटी लावायचात का? मी चकित झालो, म्हटलं, कसं ओळखलंत? म्हणाला, दोन फेऱ्यांच्या मध्ये पाच मिनिटं ठेवणारी जात मी कुठेही ओळखतो, वीस वर्षं झाली, त्या पाच मिनिटांत मला धड पाणी पिता आलेलं नाही. (ताई, सगळ्या दुनियेत एक माणूस माझ्या दारात आला आणि तो ड्रायव्हर निघाला!) मग त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, आजी दहा दिवस कुणाला दिसलेल्या नाहीत.

आम्ही दोघं खाली धावलो. धावलो म्हणजे तो धावला, मी कठड्याला धरून उतरलो. ताई, त्या तीन जिन्यांत माझ्या डोळ्यांसमोर आजी नव्हत्या, आपलं न्हाणीघर होतं. तुझी फरशी, तुझा दीड तास. मी दोन्ही मुठींनी दार वाजवलं. दार उघडलं, आजी धडधाकट उभ्या. घर लख्ख, आणि खुर्चीच्या पाठीवर तो टॉवेल, धुऊन, वाळवून, घडी घातलेला. मी म्हटलं, खाली का नाही आलात? त्या म्हणाल्या, माझा नंबर अजून आला नाही. त्यात राग नव्हता, कुरकुर नव्हती, नुसतं सांगितलं. आयुष्यभर ज्या बाईने अवेळी येणारी पोरं झेलली, ती बाई माझ्या रकान्यासमोर गप्प बसून राहिली होती.

जिन्यात ड्रायव्हरने मला शांतपणे समजावलं. टॉवेल मुळात मळलेलाच नसायचा. आजी टॉवेल धुवायला नाही, माणसांत बसायला यायच्या. आणि नुसत्या आजीच नाही, सगळेच. सगळ्यांना बुधवार सकाळ रिकामी असते हे ठाऊक होतं, माझ्याआधी दहा वर्षांपासून ठाऊक होतं. ते मुद्दाम गर्दीत यायचे. कुणाला नोकरी कुठे मिळेल, कुणाच्या पोराला कोणती शाळा, कुठला डॉक्टर ऐकून घेतो, सगळं त्या बाकावर कळायचं. नवीन आलेल्याला तिथेच ओळख मिळायची. मी आलो तेव्हा तेही जागा करून बसले होते, पण मी वही काढली, आणि त्यांना वाटलं की हा मोजणी करायला आलेला माणूस आहे. ताई, मला जी चार माणसं हवी होती ती वीसच्या वीस तीन दिवस माझ्या शेजारी बसली होती, आणि मी त्यांना 'विनाकारण रेंगाळणे' या रकान्यात टाकून आपापल्या घरी पाठवून दिलं.

मी तक्ता फाडला. (जाड कागद होता, ड्रायव्हरने मदत केली. फारच आनंदाने केली.) मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांसमोर बाकाजवळ उभं राहून माझ्या मोडक्या भाषेत सांगितलं की तो हुकूम घरमालकाचा नव्हता, माझा होता, आणि मी गाढव आहे. गाढवाला इथे काय म्हणतात ते मला येईना, तेव्हा हातांनी कान करून दाखवले. आधी कुणी हसलं नाही. मग आजी हसल्या आणि पाठोपाठ तळघर हसलं. शिक्षा लगेच ठरली. ज्याला ड्युट्या लावायची हौस त्याला ड्युटी. दर मंगळवारी आणि शनिवारी आजींना हात धरून खाली आणायचं, त्यांची उशी आणि टॉवेल मी उचलायचा, आणि आठ वाजता परत पोचवायचं. तेव्हापासून एकदाही उशीर केलेला नाही. (एकदा केला, चार मिनिटं. आजी दारात उभं राहून ड्रायव्हरचं घड्याळ दाखवत होत्या.)

आणि डाग त्याच संध्याकाळी सुरू झाले. शेजारी दुसऱ्या मजल्यावरचा पाववाला बसला होता, दारात मावत नाही असा धिप्पाड, पण आवाज चिमणीचा. त्याने यंत्रातून कामावरची फडकी काढली, ती पुठ्ठ्यासारखी कडक. माझ्या तोंडून आपोआप निघालं, गरम पाण्यात घातलीत ना? भिजवलेल्या पिठाला गरम पाणी लावायचं नसतं, कापडावरच शिजतं, आधी वाळू द्यायचं, खरवडायचं, मग गार पाणी. ताई, ते मी बोलत नव्हतो, तू बोलत होतीस. लहानपणी शाळेतून येऊन दुकानाच्या फळीवर बसून तुझं हेच ऐकत होतो. पाववाला आ वासून बघत राहिला. अकरा वर्षं तो ती फडकी शिजवत होता! कुणी सांगितलं, म्हणाला. मी म्हटलं, माझी मोठी बहीण. बस. पुढच्या शनिवारी पाववाल्याने लोण्याचा सदरा आणला (त्याचा लोणीपाव मीही खाल्ला होता), कुलूपवालीने काळ्या तेलाची बाही पुढे केली, ड्रायव्हरने शाई फुटलेला खिसा. पिठाचं खात्री करून घ्यायला, आणि बाकीची उत्तरं मला ठाऊक नव्हती, म्हणून तुला पत्र. तुझी उत्तरं मी बाकावर बसून वाचून दाखवतो, आपल्या भाषेतून त्यांच्या मोडक्या भाषेत करून. तू मला मध्ये मध्ये झापतेस तेही वाचतो, कारण गाळलं तर त्यांना कळतं. 'कप आहेत की नाहीत' हे वाक्य परवा तीनदा वाचायला लावलं.

त्या चहाचंही सांगून टाकतो. पहिल्या दोन वेळी मलाही खरं वाटलं. तिसऱ्या वेळी मी आजींना घ्यायला पाच मिनिटं आधी पोचलो, दार उघडंच होतं, आणि आजी खुर्चीत बसून चमच्याने टॉवेलवर चहाचे थेंब टाकत होत्या. मोजून, एका बाजूला, नीट. मला पाहून चमचा लपवला नाही. म्हणाल्या, तुमच्या ताईंना विचारायला काहीतरी हवं ना.

तर इतके डाग असे आले. याउपर मला काही मागायचं नाही, तुझ्या शंकेचं निरसन व्हावं एवढ्याच हेतूने हे लिहिलं. शेजारणीला नमस्कार. मलम लावत जा. ही सांगतेय की पायपुसणं टाक. मीही सांगतोय.

तुझा धाकटा

ता. क. मागायचं काही नाही असं वर लिहिलंय ते तसंच राहू दे, पण तुझी अट पुरी झाली आहे एवढं कळवणं माझं काम. आजी, कुलूपवाली, पाववाला, ड्रायव्हर: चार. तू पुराव्याशिवाय ऐकणार नाहीस म्हणून मी एक कागद केला. (पट्टीने, पण एकाच शाईत.) 'खाली सही करणारे आम्ही लिहून देतो की हा आमचा आपला माणूस आहे' असा मजकूर, खाली चार रेघा. चौघांना अर्थ सांगून सह्या घेतल्या आहेत, कागद सोबत जोडला आहे. मधली खोली रिकामी आहे, खिडकी बसथांब्यावर उघडते. न्हाणीघरात घसरत नाही असं पायपुसणं मी टाकलंय, वर उभा राहून पाय घासून पाहिलेत. लिफ्टही आहे, आणि तिच्या वेळांना मी हात लावलेला नाही.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी हिने तो कागद बघितला आणि विचारलं, या सह्या आहेत? चौघांनी आपापल्या लिपीत लिहिलंय, मला एकही वाचता येत नाही, मी विश्वासाने घेतल्या. पुन्हा खाली जाऊन एकेकाला विचारून आलो. पाववाल्याने लिहिलंय, 'ताई, फडकी मऊ झाली.' ड्रायव्हरने लिहिलंय, 'येताना गाडी बदलली की दुसरीत डाव्या बाजूला बसा, ऊन लागत नाही, आणि बदलायच्या जागी सतरा मिनिटं मिळतात, पाणी प्यायला पुरतात.' कुलूपवालीने लिहिलंय, 'पाकीट हातात नीट धरा.' आजींना लिहिता येत नाही. त्यांच्या रेघेवर जो चहाच्या कपाचा गोल उमटलाय तीच त्यांची सही, तो काढू नकोस. माझ्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. ही म्हणते, बरोबरच आहे, तुमची चार माणसं कुठे झालीत, ती ताईंची झालीत, रोज तुम्हाला दारात विचारतात ते पत्र आलं का हेच विचारतात. मी विचार केला तेव्हा पटलं. आजी मला बघून पहिल्यांदा विचारतात ते तुझे गुडघे, माझे नाही. मागच्या मंगळवारी मी तुझं पत्र न घेता गेलो, तर सगळे 'बरं' म्हणून यंत्राकडे तोंड करून बसले. तेव्हा ताई, अट मी पुरी केलेली नाही. तू केलीस, तिथे बसल्या बसल्या, दोन महिन्यांत. आता आपलीच अट मोडायची असेल तर मोड, मी काय बोलणार. पण मला तू इथे हवी आहेस. सरळ लिहायला मला नऊ पानं लागली.

ता. क. ३. पाकिटाच्या तळाशी जड लागतंय ती किल्ली आहे. कुलूपवालीने आज दुपारी करून आणून दिली, म्हणाली, पाहुण्याने बेल वाजवायची असते, घरच्या माणसाकडे किल्ली असते. आमचं दार जरा अडतं. आधी आपल्याकडे ओढायचं, मग किल्ली डावीकडे फिरवायची. आत कुणी नसलं तर घाबरू नकोस, मंगळवार किंवा शनिवार असेल. सामान दारातच ठेव आणि कठड्याला धरून सावकाश खाली ये.